आक्काचा शाप आणि मिरचीची देठं

कोल्हापुरात गर्व करायला बंदी नाही. इथल्या हवेतच तो थोडाफार असतो. पण आमच्या बोळातून जाताना शहाणा माणूस आपला गर्व रुमालासारखा घडी घालून खिशात ठेवतो आणि आक्काचं कांडप ओलांडल्यावरच बाहेर काढतो. कारण माजलेल्या माणसाला जागच्या जागी, बेताचा आणि अंगाला बरोबर बसणारा शाप देणारी बाई साऱ्या पृथ्वीवर आता ही एकच उरली आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. गोष्टींच्या पुस्तकांतल्या चेटकिणी निबिड अरण्यात राहतात, काळे झगे घालतात आणि उर्मट राजपुत्राचा बेडूक करून टाकतात. आक्का शिवाजी पेठेत राहते, नऊवारी नेसते आणि लोकांच्या मिरच्या कांडून देते. बेडूक तिने अजून कुणाचा केलेला नाही. "बेडूक केला तर त्येला कळंल का, आपण माजलोतो म्हून?" असं ती मला एकदा म्हणाली होती. "मानूस मानूसच ऱ्हायला पायजे, तर लाज वाटती."

तिच्या दुकानासमोरच्या माडीवर मी अठरा वर्षं भाड्याने राहतो आणि जवळच्या शाळेत भूगोल शिकवतो. अठरा वर्षं राहिलो तरी मी मूळचा नाशिककडचा, त्यामुळे तिच्या लेखी अजून पावणंच. दुकान म्हणजे एक लांबट खोली, तीत दोन यंत्रं, आणि त्या यंत्रांची लोखंडी मुसळं उन्हाळाभर उखळांतल्या मिरच्यांवर धाडधाड आदळत असतात. वर्षाची चटणी करायला अर्धी पेठ तिच्याकडे येते. आक्का उंच, काटकुळी, तोंडाला पदराचं फडकं बांधलेलं, भुवयांवर लाल भुकटीचा थर, आणि हातात उखळातली मिरची खालवर करायचं हातभर दांड्याचं उलथणं. शाप द्यायची वेळ आली की ती यंत्र बंद करते, तोंडावरचं फडकं खाली ओढते आणि उलथणं समोरच्या माणसाच्या छातीच्या रोखाने धरते. यंत्र बंद झाल्याने आलेली शांतता एवढी मोठी असते की निम्मा शाप तिथेच लागतो.

मला तो पहिल्याच उन्हाळ्यात मिळाला. मी मिरच्या घेऊन गेलो होतो आणि रांगेत उभा असताना आमच्या घरच्या काळ्या मसाल्याची थोरवी दोन-तीन बायकांना सांगत होतो. कोल्हापूरकरांना मसाला म्हणजे काय ते ठाऊक नाही, असंही मी ओघात म्हणालो असेन. यंत्र थांबलं. "पावणं," आक्का म्हणाली, "जंवा जंवा थोरवी सांगशीला, तंवा तंवा शिंक ईल तुमास्नी." पुढच्याच महिन्यात शाळेची तपासणी झाली. माझ्या वर्गाचा निकाल दरवर्षी कसा उत्तम लागतो हे मी साहेबांना सांगायला लागलो आणि सलग अकरा शिंका दिल्या. मी शास्त्राचा माणूस आहे. मिरची कांडपाच्या समोर राहणाऱ्याला शिंका येणारच, त्यात चेटूक कसलं, हे मला कळतं. पण त्या दिवसापासून मी स्वतःबद्दल फारसं बोलत नाही, हेही खरं आहे.

तिच्या शापांना नियम होते. मरण, आजार, लेकरंबाळं यांना हात लावायचा नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम, पोटावर मारायचं नाही. "मानसाच्या माजाला बोलावं, त्येच्या भाकरीला न्हाई," असं ती म्हणे. शिवाय पोथीतल्या ऋषींच्या शापाला जसा उःशाप असतो तसा तिच्या प्रत्येक शापाला उतारा असे, मात्र तो मागावा लागे. मागणारा आला की ती त्याच्यापुढे मिरच्यांचं घमेलं सरकवून म्हणे, "देठं खुड." कांडायच्या आधी मिरचीचं देठ काढावंच लागतं, आणि ते काम करताना माणसाला मान खाली घालून मांडी घालून बसावं लागतं, डोळ्यांतून पाणी काढावं लागतं आणि तेच हात डोळ्यांना लावण्याची चूक करून पुन्हा मोठ्याने रडावं लागतं. इतका परिणामकारक नम्रतेचा वर्ग मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही. आक्काला देठं खुडायला कधी बाई ठेवावी लागली नाही, याकडे मी एकदा तिचं लक्ष वेधलं होतं. तिने यंत्र बंद करायला हात पुढे केला, तेव्हा मी विषय बदलला.

पेठेतल्या एका फुटबॉल संघात एक देखणा गडी पुढच्या फळीत खेळायचा. उपान्त्य सामन्याच्या आदल्या आठवड्यात तो तिच्या दारात उभा राहून मित्रांना सांगत होता की, आपण मैदानात असल्यावर बाकीचे दहा जण नुसते फोटोपुरते असतात. आक्काने त्याला चेंडू आपल्याच जाळ्यात जाईल असं सांगितलं आणि सरावाच्या सामन्यात तो गेलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा संघ अर्ध्या चड्ड्यांवर तिच्या दुकानात ओळीने मांडी घालून देठं खुडत बसला होता. गोलरक्षकाने डोळे चोळले आणि त्याला दोन जणांनी धरून नळावर नेलं. उपान्त्य सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर ते हरले. संघाचा कप्तान जरा कुरकुरत आला तेव्हा ती म्हणाली, "मी उतारा माजाला दिलाता, कपाला न्हाई."

एका माणसाने टोलेजंग गाडी घेतली आणि कुणी बाजूला व्हावं असं नसतानाही बोळात हॉर्न देत हिंडू लागला. आक्काने उलथणं रोखलं, आणि त्याच आठवड्यात गाडीचा हॉर्न अडकून बसला. रंकाळ्यापासून घरापर्यंत तो अखंड कोकलत आला, मागे पोरं आणि कुत्री. एका बाईने हुपरीहून चांदीचे घसघशीत पैंजण आणले होते आणि ते दिसावेत म्हणून ती भर दुकानात साडी वीतभर उचलून चालायची. तिचे पैंजण वाजायचे थांबले. घुंगरांत मिरचीची भुकटी गच्च बसली होती, हे मी स्वतः दिव्याखाली धरून पाहिलं आणि तिला सांगितलंही. तिने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि आक्काकडे देठं खुडायला गेली. खुडून झाल्यावर आक्काने ते पैंजण गरम पाण्यात बुचकळून दिले आणि ते पुन्हा वाजू लागले. श्रेय अर्थातच देठांना गेलं.

हे सगळं कशासाठी, असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "तालमीत पोरं अंगाला माती लावत्यात. का? आपण मातीतलं हाय ही ध्येनात ऱ्हावं म्हून. ज्यास्नी तालीम न्हाई त्येंच्यासाठी मी हाय की." मग जरा थांबून म्हणाली, "माझ्यात बगा, गर्व नावाला न्हाई. अख्ख्या पेठंत माझ्यासारखी साधी बाई दावा." पेठेत हे वाक्य सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं आहे, आणि ते ऐकताना सगळेजण उलथण्याकडे पाहत गप्प बसलेले आहेत.

आक्काला एक धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, तिचं लग्न टिकलं नाही, आणि या भावाला तिने उखळाशेजारी पाळणा बांधून वाढवला. त्याला रांधायची हौस. तिने त्याला स्वयंपाकाच्या शिक्षणाला पुण्याला पाठवलं आणि तो तिथल्या एका मोठ्या हॉटेलात मुख्य आचारी झाला. पांढरा कोट आणि उंच टोपी घातलेला त्याचा फोटो दुकानात देवांच्या ओळीत लावलेला होता, उदबत्तीचा अर्धा धूर त्याला मिळे. तो उन्हाळ्यात दोन दिवस यायचा. बोलणं हळूहळू पुणेरी होत गेलं, मग चप्पल गेली, मग खाली बसून जेवणं गेलं. आक्काला हे सगळं दिसत होतं आणि साऱ्या कोल्हापूरचा माज मोजणारी ही बाई त्या एका माणसापुढे मात्र उलथणं भिंतीला टेकवून ठेवायची.

एका उन्हाळ्यात, भर गर्दीच्या दिवशी, तिने नव्या चटणीची पहिली चिमूट भाकरीवर घालून त्याला दिली. मी तिथेच होतो. त्याने ती जिभेच्या टोकाने चाखली आणि भाकरी ताटलीत ठेवली. म्हणाला, "आक्का, हे नुसतं तिखट आहे. चव म्हणजे वेगळी गोष्ट असते. त्याला शिकलेली जीभ लागते. तुम्हा लोकांच्या जिभा जळून गेल्यात." बायका बघतच राहिल्या. आक्काने यंत्र बंद केलं. फडकं खाली ओढलं आणि भिंतीला टेकवलेलं उलथणं उचललं. "शिकल्याली जीभ," ती म्हणाली. "मग ती नुसती तोंडात ऱ्हाईल तुझ्या. चव लागायची न्हाई तुला कशाची." तो हसला, पिशवी उचलली आणि स्टँडवर गेला. उतारा मागायला थांबलाच नाही. आचाऱ्याच्या जिभेला शाप म्हणजे थेट त्याच्या भाकरीला शाप, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं, आणि सर्वांत आधी आक्काला. त्या दिवशी तिने पुन्हा यंत्र सुरू केलं नाही.

पुढच्या वर्षी साऱ्या जगालाच तोंडाला फडकी बांधून हिंडावं लागलं. आक्काला त्याचं काही वाटलं नाही. "मी चाळीस वर्सं बांधतोय," म्हणाली. मग पुण्याहून फोन आला की भावाला तो ताप आलाय. तापातून तो उठला, पण तोंडाची चव आणि नाकाचा वास गेला तो गेलाच. लोकांची चव पंधरवड्याने, महिन्याने परत येत होती. याची चार महिने झाले तरी आली नाही. हॉटेल पुन्हा उघडलं तेव्हा तिथे चव न कळणारा मुख्य आचारी कुणाला नको होता. मी समोरच्या माडीवरून उतरून मुद्दाम आक्काकडे गेलो. या आजारात हजारो माणसांची चव गेली आहे, त्या सगळ्यांना काही तुम्ही शाप दिलेला नाही, असं शास्त्रीय भाषेत समजावलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "बाकीच्यास्नी आनि कुनी दिला आसंल."

त्यानंतर तिने शाप देणं सोडलं. पेठेची घडीच विस्कटली. माणसं येऊन बढाया मारत आणि तशीच न विरघळलेली बढाई घेऊन परत जात. हॉर्नवाला एकदा मुद्दाम तिच्या दारात पाच मिनिटं हॉर्न वाजवत उभा राहिला, ती म्हणाली, "जावा बाबा सावकाश." तो घाबरून पायी घरी गेला. मीसुद्धा एका संध्याकाळी जाऊन तिला माझ्या निकालाचे आकडे ऐकवून पाहिले. तिने मान हलवली आणि छान झालं म्हणाली. मला फार एकटं वाटलं.

भाऊ परत आला तो एक ट्रंक घेऊन. पांढरा कोट ट्रंकेत होता. आल्यापासून तो फारसं बोलत नव्हता, आणि बोलला की जुनं कोल्हापुरी बोलत होता. आक्काने त्या दिवशी त्याच्यासाठी स्वतःच्या हाताने चटणी केली. मिरची भाजली, खोबरं, तीळ, धणे भाजले, लसूण सोलला, कांदा तळला, सगळं कांडलं. मी गॅलरीतून पाहत होतो. तिने मला हाक मारली आणि भाकरीचा एक तुकडा माझ्याही हातात दिला. मी तो तोंडात घातला आणि माझ्या लक्षात आलं की चटणीत मीठच नाही. चाळीस वर्षांत तिच्या हातून कधी न झालेली चूक त्या दिवशी झाली होती. मी घास तसाच धरून भावाकडे पाहिलं. त्याने अर्धी भाकरी खाल्ली, बोटं चाटली, डोळे पुसले आणि म्हणाला, "मीठमिरची एकदम बरोबर हाय बघ, आक्का. अशी मला कवा जमली न्हाई."

आक्काने सवयीने चिमूटभर चटणी तोंडात टाकली आणि तिचं तोंड हलायचं थांबलं. भावाची चव आलेली नाही, आणि आता त्याचा माज उरलेला नाही, हे दोन्ही तिला एकाच घासात कळलं. मला त्या क्षणी तिथून उठून जावंसं वाटत होतं. ती म्हणाली, "व्हय. बरी झालीया." मग तिने मिरच्यांचं घमेलं ओढलं, त्याच्यापुढे ठेवलं, आणि स्वतःही त्याच्या शेजारी मांडी घालून बसली. त्याआधी उतारा घेताना आक्का कुणालाच दिसली नव्हती. दोघं संध्याकाळपर्यंत देठं खुडत होते.

देठं खुडून काही चव आली नाही. पुढे दोन महिने तो रोज देठं खुडत राहिला, तरी नाही. शेवटी एके दिवशी तीच वैतागून म्हणाली, "तुजी जीभ न्हाई तर न्हाई. माजी हाय की. वापर." त्यातून बोळाच्या तोंडाशी कटवड्याची गाडी उभी राहिली. हात त्याचे, जीभ तिची. रोज सकाळी कटाची, म्हणजे वड्यावर ओतायच्या तिखट रश्श्याची, पहिली वाटी आक्काकडे जायची आणि तिचा निकाल आल्याशिवाय एकाही गिऱ्हाइकाला वडा मिळत नसे. शाळेत जाता जाता ती वाटी पोचवायचं काम पुढे माझ्याकडे आलं. ती बोट बुडवून चाखायची आणि दारातूनच ओरडायची, "मीठ दोन चिमटी. लसूण करपलाय. आनि उद्या तेल जरा आवरून घाल." रांगेतली माणसं माना डोलवायची. जो माणूस पेठेच्या जिभा जळाल्या म्हणाला होता तो सगळ्यांसमोर "व्हय आक्का" म्हणून चिमटी सोडायचा. अशी तीनएक वर्षं गेली आणि गाडी नावाजली गेली.

परवाच्या होळीनंतरची गोष्ट. मी नेहमीप्रमाणे वाटी नेली. आक्काने चाखली आणि "मीठ चिमूटभर टाक म्हनावं," असं सांगितलं. हल्ली ती ओरडत नाही, दम लागतो. निरोप मीच सांगतो. मी सांगितला. तो "बरं" म्हणाला, पातेल्यावरचं झाकण सरकवलं आणि मिठाच्या डब्याला हातही न लावता वाढायला सुरुवात केली. मी माझी प्लेट खाल्ली. मीठ अगदी बरोबर होतं. मी त्याच्याकडे बघत राहिलो तेव्हा त्याने हातातला झारा खाली ठेवला.

"आली की चव, मास्तर," तो हळू आवाजात म्हणाला. "दिवाळीच्या आधीपासनं. पयल्यांदा लसणाचा वास आला, मग हळूहळू सगळंच."

"मग तिला सांगितलं का नाहीस?"

"सांगिटलं तर वाटी बंद हुईल. सकाळची उठून, पदर नीट करून, वाटीसाठी बसती ती. तुमी पन सांगू नगासा."

मी रिकामी वाटी घेऊन परत निघालो. आता, माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या शाळेला माहीत आहे. शिवाय पाच वर्षं जी बाई एका शापाखाली वाकून चालली, तिला तो उतरलाय हे कळू नये, हे मला अन्यायाचं वाटत होतं. दुकानात पोचेपर्यंत मी सांगायचं ठरवून टाकलं होतं. आक्का उखळाशेजारी बसली होती. तिने माझ्या चेहऱ्याकडे नुसतं एकदा पाहिलं.

"पावणं," ती म्हणाली, "जे तोंडावर आलंय ते गिळा. मला ठावं हाय."

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं. दुसऱ्याच्या जिभेनं रांधल्यालं आनि आपल्या जिभेनं रांधल्यालं, कळत न्हाई व्हय मला? एवडं वाढवलंय त्येला."

"मग रोज मीठ कमी म्हणून का सांगता?"

आक्काने उखळात पाहिलं. "कायतरी सांगाया नगं?" ती म्हणाली. "नुसतंच बरं हाय म्हटलं, तर उद्यापासनं वाटी कशाला धाडंल त्यो?"

 शाप उतरलाच आहे तर आता पूर्वीसारखे द्यायला हरकत नाही, लोक वाट बघतात, असं मी तिला सुचवून पाहिलं. ती मान हलवून नको म्हणाली. "एकदा पोटावर मारलं मी. ते पोरगं इसरलं आसंल, मी न्हाई इसरलो." आणि तिने सवयीने मिरच्यांचं घमेलं माझ्याकडे सरकवलं. शाळेला उशीर होत होता, तरी मी बसलो.

तेव्हापासून दोघांची गुपितं माझ्यापाशी आहेत. मी रोज वाटी नेतो, मीठ कमी असल्याचा निरोप आणतो, आणि कटात एक कणही पडत नाही. मागच्या आठवड्यात तिच्या दुकानात काही बायका कुणाच्या तरी भांडणाबद्दल मला खोदून विचारत होत्या. मी म्हणालो, गुपित पोटात ठेवण्याच्या बाबतीत या पेठेत माझा हात धरणारा कुणी नाही. म्हणता म्हणता मला शिंक आली. मग दुसरी, मग तिसरी. आक्काने यंत्र थांबवलं. फडक्यावरून तिचे डोळे माझ्याकडे वळले आणि उलथणं वीतभर वर उचललं गेलं. सगळ्या बायका श्वास रोखून उभ्या राहिल्या, मीही राहिलो. खरं सांगायचं तर शाप घ्यायला मी मनातून तयार होतो. पण ते उलथणं हळूच खाली आलं, तिने यंत्र पुन्हा सुरू केलं आणि ती मिरच्या खालवर करू लागली.